रेफर कोणी केलं?

एमआरआय सेंटरवर जा, पॅथॉलॉजीत जा, नाहीतर पाच मजली हॉस्पिटलच्या काउंटरवर उभे राहा. दुखणं कमरेचं असो की काळजाचं, नाव आणि मोबाइल नंबर घेऊन झाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "रेफर कोणी केलं?" काय होतंय, कधीपासून होतंय, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हे नंतर, आणि तेही दुसऱ्याच कोणीतरी विचारायचं. काउंटरवरच्या मुलीच्या संगणकात तो रकाना भरल्याशिवाय पावती पुढे सरकत नाही. कोणीच पाठवलं नाही, माझा मीच आलो, असं सांगितलं की ती जरा गोंधळते आणि 'सेल्फ' असं टाइप करते. बिल मात्र तेवढंच येतं, डॉक्टरांनी पाठवलेल्या पेशंटला येतं तेवढंच.

म्हणजे पाठवणाऱ्याचा वाटा आधीच दरात धरलेला आहे. पाठवणारा कोणी असो वा नसो, तो वाटा पेशंटने भरायचाच आहे. सेल्फवाल्याचा वाटा सेंटरच्या गल्ल्यात राहतो, इतकाच काय तो फरक. हे कोणी लपवतही नाही. आपल्याला ते दिसत नाही, कारण त्या वेळी आपल्या हातात आईची सोनोग्राफी असते आणि डोक्यात भलतंच काहीतरी चालू असतं.

आमच्या घराण्यात कोणाचंही ऑपरेशन निघालं की फोन मला येतो. मी डॉक्टर नाही. पुण्यात राहतो आणि प्रश्न विचारायला लाजत नाही, एवढ्याच भांडवलावर ही जबाबदारी माझ्याकडे आली आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट मात्र पक्की कळली. फोन येतो तेव्हा ऑपरेशन कुठे करायचं हे ठरून गेलेलं असतं. ते पेशंटने ठरवलेलं नसतं, घरच्यांनीही नसतं. ते ठरलेलं असतं गल्लीतल्या दवाखान्यात, लेटरहेडच्या अर्ध्या कागदावर खरडलेल्या चिठ्ठीत. वर हॉस्पिटलचं नाव, खाली सही, आणि मध्ये 'प्लीज डू द नीडफुल'. निदान काय, शंका काय, आजवर काय काय करून पाहिलं, पेशंटला कशाची अॅलर्जी आहे, यातलं एक अक्षर नाही. डॉक्टरने डॉक्टरला लिहिलेलं पत्र असं नसतं. ही हुंडी आहे, आणि ती वटवायला पेशंट स्वतःच्या पायांनी चालत जातो.

याला आपल्याकडे कट म्हणतात. कागदोपत्री त्याला सोज्वळ नावं असतात: प्रोफेशनल फी, कन्सल्टेशन चार्जेस, मार्केटिंग. मोठ्या हॉस्पिटलांचे पीआरओ मोटरसायकलवरून तालुक्यातालुक्यांतले दवाखाने पालथे घालतात, दिवाळीला सुक्या मेव्याचे डबे पोचवतात, रविवारी हॉटेलात 'शैक्षणिक' जेवण घालतात. अॅम्ब्युलन्सवाल्याचा हिशेब वेगळा. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत, कलम 6.4 मध्ये, स्वच्छ लिहिलेलं आहे की पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरने कमिशन द्यायचं नाही, मागायचं नाही, घ्यायचं नाही. या तीन नकारांच्या नाकावर टिच्चून हा धंदा उजळ माथ्याने चालू आहे.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव विंचूदंशावरच्या कामामुळे जगभर गेलं. कोकणात विंचवाच्या विषाने पोरं मरत होती. या माणसाने प्राझोसिन नावाचं स्वस्त औषध वापरून ती वाचवली आणि ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आणलं. याच बावस्करांना त्यांनी एमआरआयला पाठवलेल्या पेशंटच्या बदल्यात एका निदान केंद्राकडून 1200 रुपयांचा धनादेश आला. मागितला नव्हता, तरी आला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. यातला 'मागितला नव्हता' हा भाग मला सगळ्यात भयंकर वाटतो. यंत्रणा इतकी मुरलेली आहे, की डॉक्टर प्रामाणिक असेल ही शक्यताच तिच्या हिशेबात धरलेली नाही. पाकीट आपोआप निघतं, न घेणाऱ्याला ते परत करायचे कष्ट पडतात, आणि परत केलेले पैसे पेशंटच्या बिलातून काही वजा होत नाहीत.

नाशिक जिल्ह्यात लासलगावला अनेक वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या डॉ. अरुण गद्रे यांनी 78 डॉक्टरांशी बोलून हीच कैफियत मांडली. पुढे डॉ. अभय शुक्ला यांच्याबरोबर 2016 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक केलं. बोलणारे सगळे डॉक्टरच होते. तेव्हा 'तुम्हा बाहेरच्यांना आमच्या धंद्यातलं काय कळतंय' हे उत्तर इथे चालत नाही.

मग 2017 उजाडलं. मुंबईत एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने फलक लावले: प्रामाणिक सल्ला, डॉक्टरांना कमिशन नाही. दुसऱ्या कुठल्याही व्यवसायात असा फलक लागला असता, तर बाकीच्यांनी 'आम्हीही नाही देत' म्हणून शेजारी आपले फलक लावले असते. इथे डॉक्टरांच्या संघटनेला तो फलकच झोंबला. बदनामी होते म्हणाले! सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला, त्यात तुरुंगवासाची तरतूद होती, लोकांकडून हरकती-सूचनाही मागवल्या. तो कायदा काही झाला नाही.

आता कोणी म्हणेल, वाटा घेतला तर घेतला, ऑपरेशन तर नीट झालं ना? हा युक्तिवाद मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकलाय, दिवाणखान्यात, चहा पिता पिता. त्यांना कळत नाही की पैसे हा यातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. या आजाराला, या वयाला, या पेशंटला कोणाच्या हातात द्यावं, हा चिठ्ठीने सोडवायचा प्रश्न असतो. कट आला की चिठ्ठी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देते. ऑपरेशन लागतं की नाही, ही शंका मग कोणी काढायची? ज्याने पाठवलं त्याला ऑपरेशन झालं तरच मिळतं. ज्याच्याकडे पाठवलं त्यालाही ऑपरेशन झालं तरच मिळतं. 'काही करायला नको, घरी जा' म्हणणारा या साखळीत फक्त तोट्यात जातो.

माझ्या आत्याचं उदाहरण घ्या. वय सत्तरीच्या पुढे, मुक्काम तालुक्याचं गाव. लघवीला जळजळ होते म्हणून सोनोग्राफी केली, त्यात पित्ताशयात खडे दिसले. पोटात कधी दुखलं नाही, कावीळ नाही, ताप नाही. दुखत नसलेल्या खड्यांना बहुतेक वेळा हात लावायची गरज नसते. ते कित्येकांच्या पोटात जन्मभर गुमान पडून असतात. पण चिठ्ठी निघाली, आणि गावातल्याच एका नर्सिंग होममध्ये शनिवारची तारीखसुद्धा ठरली. शनिवारच का? तर त्या दिवशी 'शहरातले सर' येतात. आतेभावाचा फोन आला, "दादा, तू फक्त येऊन उभा राहा, बाकी सगळं ठरलंय."

गेलो. केबिनमध्ये नर्सिंग होमचे मालक-डॉक्टर होते. माणूस अगदी हसतमुख. मी विचारलं, "डॉक्टर, हे ऑपरेशन कोण करणार?"

"सर करणार. दुर्बिणीतून. एकदम मोठं नाव आहे."

"ते इथे किती वेळ असतात?"

"चार-पाच केसेस करून संध्याकाळी निघतात. त्यांची दुर्बीण, सेट, सगळं त्यांच्या गाडीतच असतं."

"आणि रात्री काही झालं तर? रक्तस्राव झाला, पित्त गळलं, तर?"

"रात्री आमचे आरएमओ असतात ना."

आरएमओ म्हणजे होमिओपॅथीची पदवी नुकतीच घेतलेला एक मुलगा. बिचारा बाहेर बाकावर बसून कुठल्यातरी परीक्षेचा अभ्यास करत होता. मी पुढचं विचारलं: भूल कोण देणार? त्यांची भेट कधी होईल? आत्याला दमा आहे, हे त्यांना माहीत आहे का? आता डॉक्टरांचं हसू मावळलं. "अहो, एवढे प्रश्न विचारायचे तर मग मुंबईलाच न्या." इकडे आतेभाऊ टेबलाखालून माझा गुडघा दाबत होता. शेवटचा प्रश्न मी विचारला तो सगळ्यात साधा होता: नाही केलं तर काय होईल? त्यावर आलेलं उत्तर महाराष्ट्रातल्या हजारो केबिनांमध्ये रोज दिलं जातं: "बॉम्ब आहे पोटात. कधी फुटेल सांगता येत नाही."

हा बॉम्ब भलताच सोयीचा आहे. तो पोटात असतो, गर्भाशयात असतो, हृदयाच्या नळीत तर असतोच असतो. हृदयाचं सांगतो. छातीत कळ येऊन झटका चालू असेल तर एक मिनिट न दवडता अँजिओप्लास्टी हवी, त्यात वाद नाही. पण ज्यांचा आजार स्थिर आहे, त्यांच्यासाठी 'इस्केमिया' नावाची मोठी चाचणी झाली. 37 देश, 5179 रुग्ण, निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध. नीट औषधं घेणाऱ्यांच्या तुलनेत सुरुवातीलाच स्टेंट वा बायपास केलेल्यांमधले मृत्यू काही कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं ज्यांना वारंवार होतं, त्यांना आराम पडला, आणि ते कारणही पुरेसं आहे. पण मग 'आराम पडेल' असं सांगा ना! 'उद्याची सकाळ बघणार नाही' असं सांगून आजच्या आज सही का घेता? घाई दाखवली की माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे जात नाही, म्हणून घाई दाखवली जाते. खरी इमर्जन्सी वेगळी. अपेंडिक्स फुटलंय, अपघात झालाय, बाळ अडलंय, तेव्हा जवळ जे सक्षम असेल ते गाठायचं, तिथे चौकशा करत बसायचं नसतं. पण ज्या ऑपरेशनला सरांच्या सोयीने शनिवारपर्यंत थांबता येतं, त्याला पेशंटच्या सोयीने आणखी पंधरा दिवस थांबायला काय हरकत आहे?

आत्याला मी सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत नेलं. रांग, केसपेपर, बसायला जागा नाही, पंखा बंद. सगळं खरं. पण तिथल्या सर्जनला आत्याचं पित्ताशय काढून काही मिळणार नव्हतं. त्याने रिपोर्ट पाहिले, पोट दाबून पाहिलं, चार प्रश्न विचारले आणि म्हणाला, "आजी, दुखलं तर या. नाहीतर मजेत राहा." जळजळीवर पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. प्रकरण संपलं. नर्सिंग होमवाल्यांनी मात्र त्यानंतर आतेभावाशी बोलणं टाकलं.

कट हेच एकमेव पाप आहे, असं समजणाऱ्यांसाठी ब्रिस्टलची गोष्ट सांगायला हवी. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा, पाकीट नाही, टक्का नाही. ब्रिस्टलच्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं व्हायची आणि तिथे मुलं जास्त मरत होती. स्टीफन बोलसिन नावाच्या भूलतज्ज्ञाच्या ते लक्षात आलं. त्याने आकडे मांडले, वरिष्ठांना सांगितलं. झालं एवढंच, की शेवटी त्यालाच देश सोडून ऑस्ट्रेलियात जावं लागलं. आजूबाजूच्या भागातले डॉक्टर मात्र मुलं ब्रिस्टललाच पाठवत राहिले. का? तर ते त्या भागासाठी नेमून दिलेलं केंद्र होतं, आणि नेहमी तिकडेच पाठवायची सवय होती. इयान केनेडी यांच्या चौकशीचा अहवाल 2001 साली आला. त्यानुसार 1991 ते 1995 या काळात तिथे एक वर्षाच्या आतली तीस ते पस्तीस मुलं जास्तीची दगावली. इतर ठिकाणी ऑपरेशन झालं असतं तर जितकी दगावली असती, त्यापेक्षा जास्तीची. म्हणजे पैसे न खाता, नुसत्या डोळे झाकून लिहिलेल्या चिठ्ठीनेही जीव जातात. त्यानंतर ब्रिटनमध्ये हृदयशस्त्रक्रियांचे आकडे सर्जनच्या नावानिशी प्रसिद्ध होऊ लागले. न्यूयॉर्क राज्यात आकडे आधीच प्रसिद्ध होऊ लागले होते, पण तिथेही सरकार सर्जनची नावं द्यायला तयार नव्हतं. 'न्यूजडे' नावाच्या वर्तमानपत्राने खटला भरला आणि 1991 साली ती यादी मिळवली.

आपल्याकडे? आपल्याकडे हॉस्पिटलच्या फलकावर सर्जनचा फोटो असतो, हाताची घडी, मागे निळा प्रकाश. अमुक पुरस्कार, तमुक मशीन, 'आता आपल्या शहरात रोबोट'. त्या सर्जनने गेल्या वर्षी ते ऑपरेशन किती वेळा केलं, किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, किती जणांना जंतुसंसर्ग झाला, हे सांगायची त्याच्यावर सक्ती नाही. विचारलं तर अपमान होतो.

आणि हा आकडा काही हौस म्हणून विचारायचा नसतो. जॉन बर्कमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे 25 लाख ऑपरेशनांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध केला. स्वादुपिंडाचा भाग काढायचं ऑपरेशन जिथे क्वचितच होतं, तिथे शंभरातले 16 रुग्ण मरत होते, आणि जिथे ते नेहमी होतं तिथे चारच्याही आत. तेच ऑपरेशन, तोच देश, तेच शास्त्र. मानेतल्या रक्तवाहिनीच्या ऑपरेशनात मात्र हा फरक जवळपास नव्हता, 1.7 विरुद्ध 1.5. यातून निघणारा अर्थ आमच्या शहरी मंडळींना रुचणारा नाही: प्रत्येक गोष्टीसाठी मोठ्या हॉस्पिटलात धावायची गरज नसते. हर्निया, अपेंडिक्स, मोतीबिंदू यांसाठी तालुक्यातला रोज तेच करणारा, रात्री हाक मारली तर चपला सरकवून येणारा सर्जन हा शहरातल्या संगमरवरी लॉबीपेक्षा कितीतरी बरा. असे सर्जन आहेत, मी पाहिलेत, आणि या लेखातला राग त्यांच्यावर नाही. पण अन्ननलिका, स्वादुपिंड, यकृत, लहान मुलाचं हृदय, पुन्हा करायला घेतलेलं सांध्याचं ऑपरेशन, इथे 'सरांचा हात चांगला आहे' यावर भागत नाही. तिथे आकडा हवा. कॅन्सर असेल तर एकट्या सर्जनचं मतही पुरत नाही. आधी केमो की आधी ऑपरेशन, हे ठरवायला दोघे-तिघे तज्ज्ञ एका टेबलाशी बसावे लागतात. परळच्या टाटा हॉस्पिटलात हे नेहमी होतं, कोपऱ्यावरच्या 'कॅन्सर सेंटर'मध्ये होतं का, ते विचारा.

ज्यांना विचारायची सोयच नाही, त्यांचं काय होतं ते बीडने दाखवलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, आणि एक दिवस पडून राहिलं तर खाडा. पाळीत पोट दुखतं, अंगावर जातं, म्हणून बाई दवाखान्यात गेली की सांगायचे, पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी 2019 साली झालेल्या सर्वेक्षणात 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे जवळपास दर सहा जणींत एक, आणि त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायाही होत्या. तिशीत पिशवी काढायची वेळ क्वचित येते, आणि अंडाशयं काढली की हाडं, हृदय, सगळ्यावर परिणाम होतो, हे वैद्यकीच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. ते सांगितलं कोणी? मुकादमाने? पुढे बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. म्हणजे दुसरं मत सक्तीचं केलं. जे सल्ला म्हणून मिळायला हवं होतं, ते फौजदारासारखं दारात उभं करावं लागलं.

सहीचाही एक मुद्दा आहे. आपल्याकडे बाईच्या ऑपरेशनच्या कागदावर नवरा सही करतो, म्हाताऱ्याच्या कागदावर मुलगा. जिच्या पोटावर सुरी चालणार ती पलंगावर, आणि चर्चा दाराबाहेर. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली खटल्यात हे साफ केलं. दिल्लीतल्या या बाईने फक्त दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि अंडाशयं काढून टाकली. न्यायालय म्हणालं, शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. सज्ञान माणसाची संमती त्याची स्वतःचीच लागते, आणि तपासणीला दिलेली संमती म्हणजे काढून टाकायला दिलेली संमती नव्हे. आजही वॉर्डात सिस्टर कागदांचा गठ्ठा घेऊन येते, फुली मारलेल्या जागा दाखवते आणि म्हणते, "इथे, इथे आणि मागे."

पण सगळं खापर डॉक्टरांवर फोडून आपण सुटत नाही. लग्नाचा हॉल ठरवताना आम्ही जनरेटर आहे का, पाणी किती वाजेपर्यंत, आचारी कोणाचा, हे खोदून खोदून विचारतो. ऑपरेशनच्या वेळी मात्र तोंडाला कुलूप. हॉस्पिटल निवडायचे आमचे निकष काय? कॅन्टीन चांगलं आहे. एसी रूम आहे. मेडिक्लेमच्या यादीत आहे. मेव्हण्याची तिथल्या अकाउंट्समध्ये ओळख आहे, डिस्चार्जच्या दिवशी बिलात काहीतरी कमी करून देईल. त्या ओळखीच्या जिवावर आम्ही बापाचं हृदय उघडायला देतो! कॅशलेस मंजूर झालं की जणू वैद्यकीय प्रश्नही सुटला. विमा कंपनी खर्चाला हो म्हणते, ऑपरेशन गरजेचं आहे की नाही हे तिने तपासलेलं नसतं.

दुसरं मत घ्यायचं म्हटलं की घरातली ज्येष्ठ मंडळी कासावीस होतात. "डॉक्टरांना काय वाटेल?" डॉक्टरांना जे वाटायचं ते वाटू दे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत हा हक्क शब्दांत मांडलेला आहे. 2002 च्या त्याच आचारसंहितेनुसार कागदपत्रं मागितल्यापासून 72 तासांत द्यायची असतात. 'फाईल इथेच राहते' हे उत्तर ऐकून परत फिरू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एमआरआयचा नुसता रिपोर्ट आणू नका, सीडीही आणा. आणि पहिल्या डॉक्टरांनीच ज्यांचं नाव सुचवलं, त्यांच्याकडे जाऊन 'दुसरं मत घेतलं' असं सांगू नका. ते पहिलंच मत असतं, दुसऱ्या आवाजात. शक्य असेल तर ज्याला ऑपरेशन करायचं नाही अशा तज्ज्ञाला विचारा. पित्ताशयासाठी पोटविकारतज्ज्ञ, गुडघ्यासाठी संधिवाताचा डॉक्टर, हृदयासाठी स्टेंट न घालणारा फिजिशियन. त्याला आधीच्या डॉक्टरचं मत सांगायचं नाही, फक्त कागद पुढे ठेवायचे.

पैशांचं थोडक्यात. पॅकेजमध्ये काय नाही ते लिहून घ्या, कारण बिल तिथेच फुगतं. इम्प्लांट असेल तर त्याचं स्टिकर फाईलवर लागलं पाहिजे. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसत असेल, तर योजनेतल्या हॉस्पिटलने त्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत. आरोग्यमित्राचं टेबल शोधा, तो चहाला गेला असेल तर थांबा. धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलाचे दोन टक्के त्यासाठीच्या निधीत जमा करावे लागतात. हे तिथल्या काउंटरवर कोणी आपणहून सांगणार नाही.

चांगली चिठ्ठी मी पाहिलेली आहे, म्हणून तर वाईटाचा एवढा संताप येतो. आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी एका शिक्षकाला मणक्याच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. पत्र फाउंटन पेनने लिहिलेलं, पाऊण पान. दुखणं केव्हापासून, पायाच्या कुठल्या बोटाला बधिरपणा, कुठली औषधं किती दिवस दिली आणि त्यातल्या कशाने काय झालं, साखर किती, पूर्वी भुलीचा काय त्रास झाला होता. आणि शेवटी एकच प्रश्न: 'यांना सहा आठवडे व्यायाम देऊन थांबावं असं मला वाटतं. आपल्याला घाई करण्याजोगं काही दिसतं का?' तीन तज्ज्ञांची नावं, आणि कोणाकडे कशासाठी जावं ते. पत्राचा लिफाफा उघडा होता. पेशंटने वाचावं म्हणून तो मुद्दाम उघडा ठेवला होता, हे त्यांनी नंतर सांगितलं.

असं पत्र लिहायला वीस मिनिटं लागतात आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. इथे मी डॉक्टरांच्या बाजूने बोलणार आहे. दीड-दोनशे रुपयांत तपासणी, औषध आणि सल्ला हवा, आणि वर डॉक्टर धर्मराज हवा, ही आपली अपेक्षा. गल्लीतल्या डॉक्टरला पत्राची फी द्यायला आपण का-कू करतो, आणि त्याच्या दसपट रक्कम कटाच्या रूपाने नकळत मोजून येतो. तेव्हा फी उघड मागा, पावती द्या, आम्ही देऊ. निदान मी देईन.

'तुम्ही लोक डॉक्टर-पेशंटमधला विश्वास संपवताय' असं यावर उत्तर येतं, आणि येणारच. विश्वास म्हणजे प्रश्न न विचारणं, ही व्याख्या नेमकी कोणाच्या सोयीची आहे? महाराष्ट्राने 2021 साली शुश्रूषागृहांचे नियम सुधारले आणि दरांचा तक्ता व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितली. बऱ्याच ठिकाणी ती लागलीही, कुठे फिशटँकच्या मागे, कुठे टोकन मशीनच्या वर, वाचायला शिडी लागेल अशी. त्या तक्त्यात आणखी दोन रकाने घाला: हे ऑपरेशन इथे गेल्या वर्षी किती वेळा झालं, आणि त्यातल्या किती जणांना तीस दिवसांत पुन्हा भरती व्हावं लागलं. आणि काउंटरवर छापलेल्या प्रत्येक बिलावर, पाठवणाऱ्याच्या नावापुढे, त्याला किती रक्कम दिली तो आकडा असू द्या. शून्य असेल तर शून्य छापा. शून्य छापून घेण्याचा अभिमान वाटेल असे डॉक्टर या राज्यात भरपूर आहेत. बाकीच्यांसाठी कायदा करावा लागेल. मसुदा नव्याने लिहायचीही गरज नाही. 2017 चा तयार आहे, मंत्रालयातल्या कुठल्या कपाटात आहे एवढंच कोणीतरी पाहायचं आहे.